अधिक महिन्यातलं मीठ

१७ मे, रविवार. पांढुर्णा

आज अधिक ज्येष्ठ लागला आणि आजच पेपरात माझं सदर सुरू झालं. ज्याचं नाव छापून येतं त्यानं आपलं न छापण्याजोगं कुठेतरी लिहून ठेवावं, म्हणून ही दैनंदिनी.

सदराचं नाव 'आरोग्यसुभाषित'. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्या नागपूरच्या संपादकांना इथल्या पुरवणीत काहीतरी भारदस्त हवं होतं. म्हणाले, अनिलराव, तुम्ही संस्कृतचे एम.ए., त्याचा उपयोग करा. इतकी वर्षं कपाशीचे भाव आणि नगरपालिकेची भांडणं लिहिणाऱ्याला हे वाक्य म्हणजे पुनर्जन्मच. पहिला लेख उषःपानावर लिहिला: पहाटे उठून तांब्याच्या भांड्यातलं पाणी पोटभर प्यावं. जुना श्लोक दिला, पूर्वार्ध तेवढा. उत्तरार्धात कोणी असं पाणी पिऊ नये ते अपवाद होते. जागा नव्हती, आणि अपवादांनी गद्य बोजड होतं.

दुपारी सौंसरहून यमुनाताईचा फोन आला. ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. पुढचं सगळं ताईनं केलं. लेख तिनं शेजारणींना वाचून दाखवला, दोनदा. मग माझ्या छातीच्या तपासणीचं विचारलं. परवाच नागपूरचा रिपोर्ट आला, हृदय निर्दोष, नुसता गॅस निघाला, असं सांगितलं. "पावला बाप्पा," ती म्हणाली. मग म्हणाली, या अधिकात मी महिनाभर मीठ सोडून राहिली.

उत्तम, म्हणालो. तिला बीपी आहे. मीठ कमी करा असं डॉक्टरही सांगतात. धर्म आणि डॉक्टर एका मतावर येण्याचा योग अधिक महिन्याहून दुर्मिळ. तिची सकाळची गोळी लघवीवाटे पाणी काढते. तेव्हा मी तिला विधी सांगितला: जितकं निघेल त्याहून जास्त भरायचं. पहाटे तांब्याभर, नंतर तासातासाला पेला, तहान असो वा नसो.

उषा भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "घामातून मीठबी जाते नं. तुमच्या बनियानवर पांढऱ्या रेघा कशाच्या असतात मग?"

मी म्हणालो, पत्नीनं नवऱ्याच्या बनियानवरून शरीरशास्त्र शिकू नये.

२१ मे, गुरुवार. सौंसर

नगर परिषदेची बातमी होती म्हणून आलो, ताईकडे जेवलो. बाहेर ऊन असं की संत्र्याच्या बागांत पानं दुमडून बसलेली. भाचा केतन खताच्या दुकानावर होता. त्याची बायको नेहा हिनं ताईसाठी वेगळं अळणी वरण काढून ठेवलं होतं. ताई ते औषधासारखं खात होती.

"पांचट लागते रे," म्हणाली. "पण तू सांगतला तो पाण्याचा नेम मी चुकवत नाही. या सुमनकाकूले विचार."

शेजारच्या सुमनकाकू साक्षीला हजर होत्याच. त्यांनी सांगितलं की गल्लीतल्या चौघी जणी आता तांब्याच्या भांड्यातून पितात आणि आपापसांत माझं नाव घेतात. मी विनयानं मान खाली घातली. ताईनं ती माझ्याच हनुवटीला हात लावून वर केली, सगळ्यांसमोर. बावन्न वर्षांचा माणूस आहे मी.

छातीत जळजळ होते म्हणाली. दुसऱ्या लेखाचा विषय तिथंच मिळाला: शरीर आम्ल झालं की ते पाण्यानं धुवावं.

२५ मे, सोमवार

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस. टिनाच्या पत्र्यावर कावळाही बसत नाही.

ताईचा फोन. डोकं दुखतं, मळमळतं, पायांत गोळे येतात. मी तिला धीर दिला. घराची साफसफाई काढली की आधी धूळ उडते, तसं शरीरातलं साचलेलं बाहेर पडताना त्रास होणारच. याला शुद्धी म्हणतात. पाणी वाढव, म्हणालो.

उषा म्हणाली, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या ताईंना. मी म्हणालो, अर्ध्या व्रतात डॉक्टर कशाला. तिनं पुढे काही म्हटलं नाही. तिचं न बोलणं मला नेहमीच संमतीसारखं वाटत आलं आहे.

आम्ल शरीरावरचा लेख कालच छापून आला. आज स्टेशनवर तिकीट काढताना एका गृहस्थानं मला ओळखलं.

२८ मे, गुरुवार. संध्याकाळी परतल्यावर

आज फार प्रसन्न दिवस गेला.

धोंड्याचा महिना, म्हणून केतन-नेहा काल रामाकोन्याला तिच्या माहेरी गेले. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे चारतात, दक्षिणा देतात. माझ्या सासरी आता चारायला कोणी उरलं नाही, म्हणून केतनचा हेवा वाटला. ताई एकटी होती. मी सौंसरला गेलोच होतो, दुपार तिच्यापाशी काढली.

आणि ताई हसत होती. किती तरी वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला बाबांच्या नावानं हाक मारली, वामनराव म्हणून, आणि विचारलं, आई शेतातून आली का? मीही मग बाबांच्या आवाजात म्हणालो, येऊन राहिली, बैल पुढे आले. ती पदरात तोंड घालून हसली. चहात साखरेऐवजी रवा टाकला होता. तो मी गंमत म्हणून प्यालो.

चालताना भिंतीला हात लावत होती. उन्हाचा शीण. एक उलटी झाली, म्हणाली, सकाळी. तेव्हा निघण्यापूर्वी मी स्वतः भांडं भरलं, पेला तिच्या हाती दिला आणि तिनं तो संपवेपर्यंत उभा राहिलो. तिला नको होता. मी म्हटलं, माझ्यासाठी. मग प्याली.

बस मिळाली.

२९ मे, शुक्रवार. सौंसर

केतन सकाळी परतला तेव्हा ताई स्वयंपाकघरात पडलेली, हातपाय झटकत होती. दाताखाली जीभ आली होती. दवाखान्यात भरती केलं. मला ओळखत नाही.

३० मे, शनिवार

डॉ. सुप्रिया गजभिये म्हणून आहेत. पस्तिशीच्या असतील. त्यांनी केतनला आणि मला त्यांच्या खोलीत बसवून समजावलं. मी वार्ताहर आहे, टिपणं घ्यायचा हात आपोआप खिशाकडे गेला. तो तिथंच ठेवला.

रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य भाग, एकशे पस्तीसच्या वर पाहिजे. ताईचं एकशे बारा. पोटॅशियमही खाली. त्या म्हणाल्या, शरीरात पाणी किती आहे एवढंच महत्त्वाचं नसतं; पाण्यात मीठ किती, ते शरीर फार काटेकोर सांभाळतं. पाणी जास्त झालं की मेंदूतली ग्रंथी गप्प बसते आणि किडनी पातळ लघवी करून जास्तीचं बाहेर टाकते. कमी पडलं की ग्रंथी हुकूम देते, धरून ठेवा. पण या बाईंची गोळी अशी की ती किडनीला पातळ लघवी करूच देत नाही, आणि जाताना मीठ घेऊन जाते. वर घाम. वर उलट्या. खाण्यात मिठाचा कण नाही. आणि वरून पाणी ओतणं चालू.

"आमटीत पाणी ओतत जा आणि मीठ टाकू नका," त्या म्हणाल्या. "आमटी फार तर बेचव होईल. इथं त्या आमटीत मेंदू आहे. बाहेरचं पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं, मेंदू सुजतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं. मग माणूस बावचळतो, उगाच हसतो. मग झटका."

उगाच हसतो.

आता मिठाची बाटली लावली आहे, अगदी थेंब थेंब. घाईनं वर आणलं तर मेंदूला कायमची इजा होते, म्हणाल्या. बिघडवताना घाई चालते, दुरुस्त करताना चालत नाही. हे वाक्य माझं. त्या असल्या फालतू गोष्टी बोलत नाहीत.

मग त्यांनी विचारलं, एवढं पाणी प्यायला यांना कोणी सांगितलं?

केतन माझ्याकडे न पाहता म्हणाला, पेपरात येते काहीबाही. तो मला वाचवत होता की मला संधी देत होता, कळलं नाही. मी म्हणालो, "हो, येतात असे लेख अलीकडे."

अगदी ह्याच शब्दांत म्हणालो. तृतीयपुरुषी.

१ जून, सोमवार

ताई काल शुद्धीवर आली. मला ओळखलं. पहिला प्रश्न, तुझं जेवण झालं का.

काल सोडियम एकशे एकोणीसवर आलं होतं. आता दिवसाला मोजून लिटरभर पाणी आणि मिठाचं जेवण, असा हुकूम आहे. पण मीठ ती खात नाही. नेहा भरवायला गेली की तोंड फिरवते, अधिक महिना आहे म्हणते. बाटलीतून काय जातं ते तिला कोणी सांगितलेलं नाही. ती समजते ग्लुकोज.

आज सकाळच्या तपासणीत आकडा पुन्हा उतरला. डॉक्टरबाई चक्रावल्या. हिशेबानं वर जायला पाहिजे होता. आणखी काही आजार असेल, नागपूरला हलवून मेंदूचा फोटो काढावा लागेल, असं केतनला म्हणत होत्या. केतनचा चेहरा पाहवत नव्हता.

मी ताईच्या खाटेखाली पाहिलं. पिशवीमागे तांब्याचं भांडं होतं, रिकामं. नेहाकडून तिनं ते काल 'देवाचं' म्हणून घरून मागवून घेतलं होतं. आज पहाटे नळावरून स्वतः भरून आणलं असणार, बाटलीचा दांडा ढकलत. नुकती मरणातून उठलेली बाई, भावाचा नेम चुकू नये म्हणून.

ते भांडं घेऊन मी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. सगळं सांगितलं. सदर माझं आहे, पाण्याचा विधी माझा आहे, गुरुवारचा पेलाही माझ्या हातचा आहे.

त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही ते अनिलराव? माझी आई कात्रणं काढून ठेवते तुमची." मग पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "शनिवारीच सांगितलं असतं तर हे भांडं मी खाटेपर्यंत येऊच दिलं नसतं. आणि एक. रक्तातलं आम्ल पाण्यानं धुतलं जात नसतं. ते काम फुप्फुसं आणि किडनी करतात, तुम्ही न सांगता."

मी काय करू, विचारलं.

"त्या तुमचंच ऐकतात. जाऊन खरं सांगा."

२ जून, मंगळवार

खरं सांगायला गेलो होतो. हे मी शपथेवर लिहितो.

ताई उशीला टेकून बसली होती. नेहा मिठाचं वरण-भात घेऊन उभी, ताईचे ओठ मिटलेले. मला पाहून म्हणाली, "तूच सांग हिले. व्रतात मीठ खाल्लं तर मोडते की नाही? तुले शास्त्र येते."

माझ्या तोंडून असं निघालं:

अधिके मासि रुग्णस्य लवणं नैव दुष्यति ।
औषधं तद् विजानीयाद् व्रतं तेन न भज्यते ॥

अधिक महिन्यात आजाऱ्याला मिठाचा दोष नाही; ते औषध समजावं; त्यानं व्रत मोडत नाही. असा कोणताही श्लोक कुठल्याही ग्रंथात नाही. तो त्या क्षणी, त्या खाटेपाशी, मी रचला. महाविद्यालयात माझे अनुष्टुभ् नेहमी कुठेतरी लंगडत. हा मात्र निर्दोष उतरला. भीतीनं माणसाचा छंद सुधारतो, हे आमच्या प्राध्यापकांना माहीत नसावं.

ताईनं हात जोडले, दोनदा म्हणून घेतला आणि वरणाचा घास घेतला. घास गिळताना तिचे डोळे मिटले होते. मिठाची चव इतकी कोणाच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिली नाही.

त्याच दमात सांगून टाकलं की आजाऱ्याला उषःपानही वर्ज्य. तिनं मान डोलावली. ती माझ्या सगळ्याच गोष्टींना मान डोलावते.

५ जून, शुक्रवार

आकडा रोज थोडा थोडा चढतो आहे. डॉक्टरबाईंनी ती गोळी बंद करून दुसरी दिली. आज तपासायला आल्या तेव्हा ताईनं त्यांना श्लोक म्हणून दाखवला आणि वर सांगितलं, "माह्या भावानं वाचवलं मले."

डॉक्टरबाईंनी विचारलं, कुठल्या ग्रंथातला?

मी म्हणालो, पाहून सांगावं लागेल.

त्या स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून निघून गेल्या. दारापाशी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

७ जून, रविवार. पांढुर्णा

ताई घरी आली. गेल्या रविवारसारखंच आजही माझं सदर छापून आलं नाही. आजारपणामुळे लेख देता आला नाही असं कळवलं. कोणाच्या आजारपणामुळे ते लिहिलं नव्हतं, संपादकांनी मलाच बरं वाटावं म्हणून शुभेच्छा दिल्या.

उषानं बॅगेतले कपडे धुवायला काढले. बनियान उजेडात धरून पाहिलं, मला दिसेल असं, आणि बादलीत टाकलं. एक शब्द बोलली नाही. हे न बोलणं संमतीचं नाही, एवढं मला आता कळतं.

१० जून, बुधवार

डॉ. गजभिये यांचा फोन. सुमनकाकूंचे पाय सुजले, दम लागला, म्हणून काल त्यांना दाखवायला आणलं होतं. त्यांना हृदयाचा जुना विकार. मीठ फार वर्षांपासून तोडलेलं. ताईला भेटायला आल्या, श्लोक शिकल्या आणि आपणही आजारीच आहोत म्हणून घरी जाऊन लोणचं-पापड सुरू केलं. ताईच्या अंगात मीठ कमी होतं, यांच्या अंगात ते पाणी धरून बसतं. एकीचं औषध ते दुसरीचं विष. बाई वाचल्या, इंजेक्शन देऊन पाणी काढावं लागलं.

"मी त्यांना विचारलं, मीठ कोणी सांगितलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तर मला श्लोक म्हणून दाखवला. आता मला तो पाठ झालाय, अनिलराव."

मी काहीतरी बोलू लागलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी झालं. मीठ झालं. आता पुढं काय सांगणार आहात लोकांना?" मी उत्तर देण्याआधी त्यांनी फोन ठेवला. तो ठेवण्याचा मान माझ्याकडे राहू द्यायला हवा होता असं वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली.

११ जून, गुरुवार. रात्रीच्या जेवणाआधी

सकाळच्या बसनं सौंसरला गेलो. केतन-नेहाला बाहेर पाठवलं नाही, त्यांच्यासमोरच सांगितलं.

आधी पाण्याचं. ताई ऐकून म्हणाली, "त्यात काय. तू सांगतलं, मी पेली. मले कळत नव्हतं का पोट तट्ट होते म्हणून? मीच बोलली नाही." आणि हात असा झटकला, माशी हाकलावी तसा. ज्या गोष्टीनं ती मरत होती, ती तिनं अर्ध्या मिनिटात माफ केली. मी रडलो. केतननं पाणी आणून दिलं मला, आणि देताना पेल्याकडे पाहून आम्ही दोघंही थबकलो.

मग श्लोकाचं सांगितलं. मला वाटत होतं अवघड भाग संपला.

ताई उठून बसली. "म्हणजे तो शास्त्रात नाही?"

"नाही."

"तू बनवला?"

"हो. तू खात नव्हतीस ताई. दुसरं काही सुचलं नाही."

"खरं सुचलं नाही?"

ती भिंतीकडे पाहत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. लहानपणी तिनं मला चिंचेच्या फोकानं मारलंय, मला ती ताई माहीत आहे. ही वेगळी होती. मग म्हणाली, "म्हणजे माहं व्रत मोडलं."

मी म्हणालो, जिवावर बेतलं की व्रत मोडलं तरी चालतं, हे खरंच शास्त्रात आहे.

"आता तू शास्त्र नको सांगू मले," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही. "मोडायचं होतं तर मी मोडलं असतं. माह्या हातानं. देवाले सांगून, की बाप्पा, जमत नाही, माफ कर. तू मले ते करू नाही देलं. मी रोज मीठ खाऊन त्याच्यापुढं हात जोडून राहिली होती, की पाह्य बाप्पा, माहं व्रत चालू आहे."

नेहा पदरानं डोळे पुसू लागली. ताई पडून राहिली. मी निघताना तिनं नेहमीसारखं विचारलं नाही, बस कितीची आहे.

हे व्रत तिनं कशासाठी धरलं होतं, हे मी कधी विचारलंच नाही. आज विचारायला तोंड नव्हतं. घरी येऊन उषाला तेवढं म्हटलं, कशासाठी धरलं असेल गं. तिनं पोळपाटावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या शर्टाच्या डाव्या खिशाकडे, आणि पुन्हा लाटू लागली. तिलाही माहीत नसावं.

१३ जून, शनिवार

संपादकांना लेख पाठवला. त्यात लिहिलं की मागचे दोन लेख चुकीचे होते; कोणाला किती पाणी आणि किती मीठ हे ज्याच्या त्याच्या किडनीवर, हृदयावर आणि गोळ्यांवर ठरतं, सुभाषितावर ठरत नाही; एका बाईंचा जीव जाता जाता राहिला, त्या माझ्या भगिनी. संपादकांचा फोन आला. म्हणाले, फार प्रांजळ आहे, पण सदराचा सूर बिघडतो. शेवटी एखादा श्लोक टाका, छापू. मी म्हणालो, नाही टाकणार. मग पाहू, म्हणाले.

म्हणजे छापणार नाहीत. त्यांची भाषा मला येते. मीही ती इतकी वर्षं लिहिली आहे.

१५ जून, सोमवार. सौंसर

अधिकाची अमावास्या. गल्लीतल्या ज्या बायकांनी काही सोडलं होतं, त्या ताईच्या अंगणात सांगतेला जमल्या. दरवर्षी कोणत्याही निमित्तानं तिच्याकडेच जमतात. सुमनकाकूही आल्या होत्या, पाय वर घेऊन खुर्चीवर. एकीनं विचारलं, यमुनाबाई, तुमचं मिठाचं उद्यापन नाही का. ताई म्हणाली, माहं मोडलं औंदा. कसं मोडलं ते सांगितलं नाही. ज्यानं मोडलं तो दाराशी उभा आहे, हेही नाही.

ते मला सहन झालं नाही. मी पुढे होऊन उभा राहिलो. बातमी सांगावी तसं सांगितलं: उषःपानाचा लेख लिहिताना श्लोकाचा अर्धा भाग मी गाळला, त्यानं ताई आजारी पडली. मिठाचा श्लोक कोणत्याही ग्रंथात नाही, तो मी घाबरून रचला, त्यानं सुमनकाकू आजारी पडल्या. दोन्ही विसरून जा.

मी शिव्यांची वाट पाहत होतो. सुमनकाकूंनी चष्मा नीट केला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "असू द्या भाऊ. होते चूक. मग खरा कोणता, तो तरी सांगा."

दोघींनी मोबाईल काढून धरले, रेकॉर्डिंगसाठी. साऱ्या माझ्या तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या, अगदी पहिल्या दिवसासारख्याच श्रद्धेनं. मला एकही सुचला नाही. पहिल्यांदाच.

शेवटी ताई आतल्या खाटेवरून बोलली. तहान लागली की पाणी प्यावं, अन् मिठाचं ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरले विचारावं, एवढंच आहे. बायकांनी मान डोलावली, जरा वाट पाहिली, पुढे काही येत नाही असं पाहून मोबाईल पदराआड ठेवले. ते कोणीही रेकॉर्ड केलं नाही.

मी निघालो तेव्हा फाटकापाशी एक सून कडेवरच्या पोराला थोपटत माझा श्लोक गुणगुणत होती. चाल तिनं स्वतः लावली होती, आणि चांगली लावली होती.

मी थांबून तिला सांगितलं, तो खोटा आहे.

"माहीत आहे नं काका," ती म्हणाली. "पण पोरगं झोपते त्यानं."